अजून कच्चा

मराठीच्या प्राध्यापकाने वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी बेस गिटार हाती घेतली, ही बातमी आमच्या कॉलेजात फुटली त्या दिवशी संस्कृतच्या बाईंनी मला आपल्या डब्यातला बेसनाचा लाडू दिला आणि आवाज खाली आणून विचारले, "घरी सगळं बरं आहे ना, सर?" इतिहासाचे प्राध्यापक स्पष्टवक्ते. ते म्हणाले, "या वयात माणसं मधुमेह घेतात, नाही तर गुडघे. तुम्ही गिटार घेतलीत. स्वस्तात सुटलात!"

खरे सांगायचे तर ती मी घेतली नव्हती; ती आमच्याकडे राहायला आली होती. आमच्या सोसायटीतल्या मुलामुलींचा एक बँड आहे. माझी धाकटी मुलगी चिमी त्यात ड्रम बडवते. (येथे 'वाजवते' असे लिहायला हवे हे मला ठाऊक आहे, पण मी त्याच घरात राहतो.) त्यांच्यातला बेस वाजवणारा मुलगा गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला. जाताना आपले वाद्य तो आमच्या घरी ठेवून गेला. कारण त्याच्या आईच्या मते ते घरात अडचण करीत होते. माळ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, पेटीशेजारी थोडी जागा होती. तिथे त्याची सोय झाली.

सुट्टीचे दिवस. पेपर तपासून झालेले. घरात कोणी नाही अशी एक दुपार गाठून मी ते वाद्य खाली काढले आणि सर्वांत जाड तार अंगठ्याने छेडली. तिला वीज जोडलेली नव्हती की काही नव्हते. तरी तो स्वर कानाला कळण्याआधी बरगड्यांना कळला. सुमारे तासाभराने मी भानावर आलो तेव्हा गॅसवर ठेवलेले दूध उतू जाऊन थंडही झाले होते. सौभाग्यवतींनी संध्याकाळी ओटा पाहिला, माझी लाल झालेली बोटे पाहिली, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. संसारात हे लक्षण चांगले नव्हे.

ज्या वाचकांच्या घरात असले पोर किंवा असला नवरा नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द या वाद्याविषयी. साध्या गिटारीला सहा तारा, हिला चार; पण एकेक तार अशी की तिच्यावर धोतर वाळत घालावे. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच. सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा, म्हणजे माणसाच्या कानाच्या अगदी उंबरठ्याजवळचा. पूर्वी हे काम डबल बेस नावाचे पुरुषभर उंचीचे वाद्य करी. ते कुठे न्यायचे तर हाल, आणि मोठ्या वाद्यमेळात ते ऐकू यायचे तर त्याहून हाल. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी विजेवर वाजणारी, गळ्यात अडकवता येणारी, पडदे बसवलेली बेस बाजारात आणली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो म्हणून तिचे नाव 'प्रिसिजन' ठेवले. गंमत अशी की या फेंडरसाहेबांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. हे वाचून मला फार धीर आला.

गाण्यात हिचे काम काय? गायक ज्या जमिनीवर उभा राहतो ती जमीन होण्याचे. आपल्या तंबोऱ्याची खर्जाची तार घ्या, तिला चार स्वर चालायला शिकवा आणि तालाशी तिचे लग्न लावून द्या. म्हणजे झाली बेस. चालू असते तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

जूनच्या अखेरीस चिमीने मला गाठले. "बाबा, गणपतीत आमची आठ गाणी आहेत. तू बेस वाजवशील?"

"अगं, मला अजून धड धरताही येत नाही."

"पण मग किती दिवस लागतील?"

हा प्रश्न तिने दूध किती आणायचे, या सुरात विचारला होता. मला मात्र त्याने रात्रभर जागे ठेवले. नव्या वादकाने लोकांसमोर बसण्याआधी किती थांबावे? आठवडे? महिने? की वर्षे?

भाषेचा मास्तर असल्यामुळे मी प्रथम म्हणींकडे धावलो. आपल्या भाषेत उतावळ्यांना हसणाऱ्या म्हणी किती आहेत पाहा! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पी हळद आणि हो गोरी. हात दाखवून अवलक्षण. पण जो आयुष्यभर वाटच पाहत बसतो त्याला हसणारी म्हण शोधू लागलो, तर पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, एवढीच काय ती आठवली. आणि तीही हसत नाही, नुसती समजूत घालते. थांबणाऱ्याला आपण शहाणा म्हणतो. आपला सगळा समाज थांबणाऱ्यांच्या बाजूचा आहे.

त्याला आधारही तसेच भक्कम आहेत. भीमसेन जोशी १९३३ साली लहान वयात गाण्याच्या ओढीने घरातून निघाले, गावोगाव हिंडले, कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरत शिकले, आणि १९४१च्या सुमारास, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, लोकांसमोर गायले. घराण्यांच्या परंपरेत गुरूने 'बैस' म्हटल्याखेरीज शिष्य बसत नसे. या कथा आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातच. उलट बाजूचा दाखला मी स्वतः दर वर्षी वर्गात देतो आणि त्याचा अर्थ माझ्याच डोक्यात शिरत नाही: 'ज्ञानेश्वरी' १२९० साली सिद्ध झाली तेव्हा परंपरेने मानलेल्या जन्मवर्षाप्रमाणे ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे होते. 'अजून दहा वर्षे अभ्यास करतो' असे ते म्हणाले असते, तर लिहायला ते उरलेच नसते.

पण अलौकिक माणसांचे दाखले आपल्यासारख्यांच्या काय कामाचे? म्हणून मी बेस वाजवणाऱ्यांचीच चौकशी सुरू केली, आणि चकित झालो. स्टुअर्ट सटक्लिफ हा लिव्हरपूलचा चित्रकार. त्याचे एक चित्र विकले गेले, त्या पैशांतून १९६० सालच्या आरंभी त्याने बेस घेतली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो बीटल्सबरोबर हँबुर्गच्या रंगमंचावर उभा होता. बोटे न दिसावीत म्हणून तो कधीकधी लोकांकडे पाठ करी, असे सांगतात. पुढे १९६१ साली तो चित्रकलेकडे परतला. त्याच्या जागी बेस घ्यायला कोणी उत्सुक नव्हते, म्हणून ती पॉल मॅकार्टनीच्या गळ्यात पडली. त्याआधी तो गिटार आणि पियानो वाजवीत असे. गळ्यात पडलेल्या त्या वाद्यावर त्याने पुढे काय केले ते जगाने ऐकले. आणि कॅरल केय या बाईंची तर तऱ्हाच वेगळी. त्या गिटार वाजवणाऱ्या. १९६३ साली हॉलिवुडच्या एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही. तेव्हा ती यांच्या हाती दिली गेली. शेकडो ध्वनिमुद्रणांतून ज्यांची बेस जगभर ऐकली गेली त्या बाईंचा वाट पाहण्याचा काळ एवढाच!

यातून मी सोयीस्कर निष्कर्ष काढला: ही सगळी माणसे आधी दुसरे काही वाजवीत होती, नाही तर तरुण होती. मी दोन्ही नाही. सबब थांबावे.

तरीही शिकवणी लावली. माहीमला एक वृद्ध गोवेकर गृहस्थ राहतात, साष्टीतले. सारे त्यांना अंकल म्हणतात. हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांचा वाटा केवढा मोठा! राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांची बेस ज्यांनी ऐकली आहे त्यांना तो सांगायला नको. अंकल तेवढे नावाजलेले नव्हेत. लग्ने, हॉटेले आणि अधूनमधून रेकॉर्डिंग यांवर त्यांनी संसार केला. दर शनिवारी मी ते चार किलोचे धूड पाठीवर घेऊन लोकलमध्ये चढू लागलो. गर्दीतल्या लोकांनी माझ्याविषयी जे उद्गार काढले ते भाषाशास्त्राच्या दृष्टीने समृद्ध होते.

पहिल्याच दिवशी अंकलनी मला घड्याळासारखी टिकटिक करणारे यंत्र लावून दिले आणि एकच स्वर वाजवायला सांगितला. अर्धा तास. बोटांना फोड आले. दुसऱ्या आठवड्यात दोन स्वर मिळाले, षड्ज आणि पंचम. "प्रोफेसर," ते म्हणाले, "अर्धी दुनिया या दोन स्वरांवर चालते. बाकी अर्धी गप्पा मारते."

जुलैच्या अखेरीस मी त्यांना चिमीचा प्रश्न विचारला. त्यांनी आपली हकिगत सांगितली. वाद्य हाती आल्यापासून अकराव्या दिवशी ते एका लग्नात वाजवायला उभे राहिले होते, कारण नेहमीच्या वादकाला गालगुंड झाले होते. "चुकलो? मायझया, किती चुकलो! पण थांबलो नाय."

मग त्यांनी मला नियम सांगितला. तो मी इथे तसाच देतो, कारण शेहेचाळीस वर्षांत मला कोणी इतका उपयोगी नियम सांगितलेला नाही. दिवस मोजायचे नाहीत, गाणी मोजायची. जेवढी गाणी वाजवायची आहेत तेवढी पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता वाजतात का, हे पाहायचे. सुंदर नव्हे, न थांबता. आणि मध्ये चूक झाली तर समेपर्यंत आपले आपण परत येता येते का, हे पाहायचे. दोन्हींचे उत्तर 'हो' असेल तर जायचे. "बेसवाला चुकीचा सूर वाजवतो तेव्हा शंभरातल्या दोघांना कळते," अंकल म्हणाले. "बेसवाला थांबतो तेव्हा शंभर जणांना कळते. फक्त काय झाले ते कळत नाय." आणि पुढे असेही म्हणाले की घरी कितीही घोटले तरी काही गोष्टी घरी येतच नाहीत. उघड्या मांडवात खालचे स्वर कसे पसरतात, दिवे डोळ्यांवर आले की बोटे कशी परकी होतात, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा श्वास कसा ऐकावा, याची शाळा एकाच ठिकाणी भरते, आणि ती म्हणजे रंगमंच.

"पण अंकल, अजून कच्चं आहे हो," मी म्हणालो.

आणि हे शब्द तोंडातून निघताच मी दचकलो. ते माझे नव्हते. ते अण्णांचे होते.

अण्णा पोस्टात कारकून होते. आम्ही डोंबिवलीला एका चाळीत दोन खोल्यांत राहत असू. रात्री जेवणे आटोपली की नऊ ते दहा अण्णा स्वयंपाकघरात जात, दार लावून घेत आणि पेटी वाजवीत. बत्तीस वर्षे. चाळीत सत्यनारायण असो, कोजागिरी असो, कोणी ना कोणी म्हणेच, "अण्णा, आज वाजवा की!" आणि अण्णा ओशाळे हसून म्हणत, "छे हो, अजून कच्चं आहे." त्यांची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. तीत रोजच्या रियाजाची नोंद असे: तारीख, राग आणि एक शेरा. 'भूप. अंतरा कच्चा.' 'यमन. तान कच्ची.' ते गेल्यावर मी ती वही चाळली. शेवटची नोंद जाण्याच्या चार दिवस आधीची होती. 'भूप. अजून कच्चा.'

मी त्यांच्या पेटीसमोर एकदाही बसलो नाही. आधी दार लावलेले होते म्हणून, आणि पुढे मला वेळ नव्हता म्हणून.

त्या शनिवारी माहीमहून परतताना मला आणखीही काही आठवले. पण ते वाचकांना सांगायला मला धीर करावा लागतो. माझ्या टेबलाच्या खणात कवितांची एक वही आहे. तिला आता एकवीस वर्षे होतील. ती मी कोणालाही दाखवलेली नाही. विद्यार्थ्यांना मात्र मी दर वर्षी सांगतो, "लिहा, चुका, पण लिहा!"

घरी आल्यावर मी चिमीला म्हणालो, "येतो."

ती म्हणाली, "तुझं नाव मी केव्हाच दिलंय."

गणेशोत्सवाच्या सहाव्या दिवशी रात्री साडेआठला आम्ही मांडवात उभे राहिलो. मे महिन्यापासून मोजले तर पंधरा-सोळा आठवडे झाले होते. आठही गाणी न थांबता वाजत होती, घरी. बँडमधल्या पोरांनी काळे टी-शर्ट घातले होते. मलाही एक दिला होता. तो घालून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "पोट आत घ्यायचं की सूर लावायचा, ते आधीच ठरवलेलं बरं."

पहिली दोन गाणी मी कसा वाजवीत होतो ते मला आठवत नाही, यावरून ती बरी झाली असावीत. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी मान वर केली. तिसऱ्या रांगेत सौभाग्यवती बसल्या होत्या. त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या की पूर्वी एकदाच पाहिल्या होत्या, आणि ते साल मी सांगणार नाही. बस्स. बोटे जिथे होती तिथेच राहिली. पुढचा स्वर कोणता, आपण ओळीच्या सुरुवातीला आहोत की शेवटाला, हे वाद्य कोणाचे, मी कोण, काही कळेना. मी थांबलो. अंकलनी जे एकच करू नकोस म्हणून सांगितले होते तेच नेमके केले.

किती वेळ गेला? चिमीच्या मते दोन आवर्तने. माझ्या हिशेबाने एक शैक्षणिक वर्ष. मग मागून पायाच्या ड्रमचा ठोका नेहमीपेक्षा जोरात आला. पुन्हा आला. पोरगी मला हाक मारीत होती. मी तिच्या पायाकडे पाहिले आणि त्या ठोक्यावर माझा षड्ज ठेवला. दुसऱ्यावर पुन्हा षड्ज. तिसऱ्यावर पंचम. आणि गाणे माझ्या पायांखाली परत आले.

कार्यक्रम संपल्यावर टाळ्या झाल्या. त्या गायिकेला होत्या आणि योग्यच होत्या. तळमजल्यावरच्या आजी मला म्हणाल्या, "तुम्ही काय वाजवत होता हो? मला मेलीला काही ऐकू नाही आलं. पण उभे छान राहिलात!" हेही मी वर्तमानपत्री परीक्षणासारखे जपून ठेवले आहे.

रात्री वायरी गुंडाळताना मी चिमीला म्हणालो, "तिसऱ्या गाण्यात मी घोळ घातला."

"हो," ती म्हणाली. आजची पोरे खोटे बोलून दिलासा देत नाहीत. "तू थांबलास ना, तेव्हा एकदम सगळं ओकं ओकं झालं. आम्ही सगळे वाजवत होतो, तरी."

ओकं ओकं. हा शब्द मी कुठे ऐकला होता ते आठवायला मला वेळ लागला नाही. अण्णांच्या तेराव्याला खालच्या मजल्यावरच्या काकू आईजवळ बसल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, "रात्री नऊ वाजले की आता फार ओकं ओकं वाटतं हो. अण्णांचा भूप ऐकत आमची पानं मांडली जायची." शेजारच्या बिऱ्हाडातले मास्तर म्हणाले, "आमची बेबी त्या पेटीवरच झोपायची." चाळीच्या भिंती त्या केवढ्या! दार लावून घेतलेल्या त्या माणसाने बत्तीस वर्षे रोज रात्री भरल्या घरांसाठी मैफल केली होती. श्रोते वेळेवर येत होते, मन लावून ऐकत होते. फक्त ते अण्णांना कोणी सांगितले नाही, आणि आम्हालाही सांगावेसे वाटले नाही.

म्हणून आता मला कोणी विचारले, की नव्याने किती थांबावे, तर मी अंकलचा नियम सांगतो. त्यात एक पुस्ती माझी. जो एकटा पुढे बसून राग उलगडणार, त्याने गुरूच्या शब्दाची वाट पाहावी. त्या थांबण्याला अर्थ आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या गाण्याखाली नुसते उभे राहायचे आहे, त्याने फार वाट पाहू नये. आपल्या परंपरेतही नव्या शिष्याच्या हाती तंबोरा देऊन त्याला गुरूच्या मागे, भर मैफलीत, बसवतातच की! तो तिथे कच्चाच बसतो आणि तिथेच पिकतो.

त्या दिवाळीच्या साफसफाईत अण्णांची पेटी मी खाली काढली. भाता झुरळांनी खाल्ला होता. तो बदलून घेतला. चिमीने विचारले, "आजोबा कसे वाजवायचे?" मी म्हणालो, "ते चाळीतल्या लोकांना विचारायला हवं." ती हसली, तिला तो विनोद वाटला.

पण त्याआधी कोजागिरीला गच्चीवर आटीव दूध होते आणि आम्ही पुन्हा वाजवले. अंकल मुद्दाम माहीमहून आले होते. पाचव्या गाण्यात मी चुकलो. थांबलो मात्र नाही. निघताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारले, "कसे वाटले, प्रोफेसर?"

"अजून कच्चं आहे," मी म्हणालो, आणि पुढच्या तालमीची तारीख विचारायला पोरांकडे वळलो.